चार स्लॅब आणि एक पावसाळा: दापोलीजवळच्या एका बांधकामाचं मोजमाप

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्या इमारतीच्या खोल्याखोल्यांतून हातात खडू घेऊन फिरलो. जिथे भिंत किंवा छत ओलं दिसेल तिथे एक गोल काढायचा आणि गोलात क्रमांक लिहायचा. १२ सदनिकांत मिळून ३७ गोल झाले, त्यातले बहुतेक समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतींवर. याच इमारतीचे चारही स्लॅब आम्ही मिरगाच्या आत, ठरल्या तारखेच्या ९ दिवस आधी भरले होते. मे अखेरीला मालकांनी सगळ्या माणसांना पेढे वाटले, मीही घेतले. तेव्हा आमच्याजवळ जेवढे आकडे होते ते सगळे काम उत्तम चाललंय असंच सांगत होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आकडे खोटे नव्हते, मग ते एवढे चुकले कसे? हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. माणसं अजून याच धंद्यात आहेत, म्हणून मालक, मुकादम, गाव, कोणाचंही नाव घेत नाही.

जागा दापोली तालुक्यातली, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तळमजला आणि वर तीन मजले, अशा दोन इमारती, एकेकीत १२ सदनिका. घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे, काही आमच्याच गावचे चाकरमानी. मालक स्थानिक, वडिलांची चिरेखाण होती, मुलगा बांधकामात आला. मी सल्लागार अभियंता. काम बघणं आणि महारेरासाठी, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणासाठी, लागणारं अभियंत्याचं प्रमाणपत्र देणं, दोन्ही माझ्याकडे. दसऱ्याला नारळ फुटला आणि डिसेंबर संपता संपता जोतं झालं. जानेवारी ते मे चार स्लॅब.

पैसा जिथे मोकळा होतो

महाराष्ट्रात रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि त्याच्या नियमांबरोबर घर विक्रीच्या कराराचा एक नमुना आला. त्या नमुन्यात ग्राहकाकडून कोणत्या टप्प्याला एकूण किती टक्क्यांपर्यंत पैसे घेता येतील हे लिहिलेलं आहे. करार झाल्यावर ३० टक्के. जोतं झालं की ४५. सगळे स्लॅब झाले की ७०. भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. मग ८०. बाहेरची नळजोडणी, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की ८५. लिफ्ट, पंप, वीज वगैरे झाली की ९५, आणि ताबा देताना उरलेले ५.

ग्राहकाने सगळे पैसे आधीच देऊन बसू नये म्हणून हा तक्ता आला आणि ते योग्यच झालं. पण कोकणात बसून तो पुन्हा वाचावा. जोत्यापासून शेवटच्या स्लॅबपर्यंत २५ टक्के, म्हणजे आमच्या चार स्लॅबांत वाटले तर एकेका स्लॅबला सव्वासहा टक्के. आणि वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस ज्या दोन गोष्टींवर थेट आदळतो, तो बाहेरचा गिलावा आणि गच्ची, त्या दोन्हींना नळजोडणीसकट मिळून ५ टक्के.

मालकाच्या ऑफिसातल्या फळ्यावर म्हणूनच एकच रकाना होता: स्लॅब क्रमांक, ठरलेली तारीख, भरल्याची तारीख. बँकेचा माणूस आला की तोच फळा बघायचा. मुंबईच्या ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्लॅब भरतानाचे फोटो जायचे आणि अंगठे वर व्हायचे. मुकादमाचा दरही चौरस फुटाचा, स्लॅब भरला की हिशेब. मी प्रमाणपत्रात लिहायचो तो टक्काही बहुतेक सांगाड्यावरच, म्हणजे कॉलम-बीम-स्लॅबवरच, वाढत होता. मुकादम, मालक, बँक, ग्राहक आणि मी, पाच जण एकाच आकड्याकडे बघत होतो.

मीच केलेल्या अंदाजपत्रकात सांगाड्याचा खर्च निम्म्यापेक्षा कमी होता. म्हणजे झालेल्या कामाची खरी किंमत आणि आलेला पैसा यांत मे महिन्यातच दरी होती. ठरलेल्या कामाची किंमत, झालेल्या कामाची किंमत आणि त्यावर झालेला खर्च असे तीन आकडे शेजारी मांडायची पद्धत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्येच आपल्या ठेकेदारांना लावली होती. मी ती शिकलेलो होतो. फळ्यावर मात्र एकच आकडा पुरतोय असं मला वाटलं. ही चूक माझी, आणि ती मालकाच्या किंवा मुकादमाच्या खाती टाकता येणार नाही.

तात्यांचं माप

या गावात सत्तरीच्या पुढचे एक गवंडी आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही. चिऱ्याची घरं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या कामावर ते कधीच नव्हते, पण संध्याकाळी येऊन कंपाउंडच्या दगडावर बसायचे. डिसेंबरात जोत्याची भर टाकून आम्ही लगेच ठोकत होतो तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, जोत्याला एक पाऊस खाऊ द्या. मग वर चढा."

जुनी रीत तशीच होती. जोतं बांधायचं, माती-मुरूम भरायचा आणि एक पावसाळा तसाच सोडायचा. चार महिने पाणी मुरून भर आपोआप बसते, मग वरच्या फरशीला खड्डा पडत नाही. आमच्या फळ्यावर ही रीत चार महिन्यांचा उशीर म्हणून दिसली असती. इमारत पायांवर उभी असल्याने सांगाड्याला त्याची गरज नव्हती हे खरं, पण तळमजल्याच्या फरशीला होती. थराथराने पाणी मारून, यंत्राने ठोकून तेच काम पंधरवड्यात करता येतं. आम्ही ते केलं, पण प्रत्येक थराची घनता तपासली नाही. तळमजल्याच्या दोन खोल्यांत फरशी बसली.

तात्यांच्या काळात कामगिरी मोजत नव्हते असं आपण सहज म्हणतो. मला ते आता पटत नाही. गवंडी रोजावर असायचा, घाईचा फायदा त्याला नव्हता. ज्याचं घर बांधलं तो त्याच वाडीत राहायचा. पहिल्या पावसात भिंत पाझरली की शिमग्यापर्यंत पंचक्रोशीला कळायचं, आणि पुढच्या वर्षीचं काम जायचं. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर पुढे काढायचे, पागोळ्या जोत्यापासून दूर पडायला हव्यात हे ठरलेलं. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झापांचा आडोसा बांधायचे. माप होतं, ते गवंड्याच्या नावात साठवलेलं होतं.

मग धंदा बदलला, आणि आमच्या भागात तो ३ जून २०२० नंतर फार वेगाने बदलला. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडची कौलं, पत्रे, माड-पोफळीच्या बागा घेऊन गेलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. ज्याला जमेल तो कौलं सोडून स्लॅबकडे वळला. चिऱ्याच्या भिंतींच्या जागी सांगाडा आणि त्यात हलक्या ब्लॉकची भिंत आली. खाडीच्या वाळूची जागा दगड भरडून केलेल्या क्रश सँडने घेतली. रोजावरच्या गवंड्याच्या जागी विजापूर, बागलकोटकडची किंवा उत्तरेकडची टोळी आली, चौरस फुटाच्या दराने. ती माणसं कष्टाळू आहेत, आणि त्यांच्याशिवाय कोकणातलं एकही काम आज उभं राहत नाही. पण पाऊस पडतो तेव्हा ती दुसऱ्या गावी दुसऱ्या स्लॅबवर असतात, किंवा पेरणीला आपल्या गावी. भिंत पाझरल्याचं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. नावातलं माप तुटलं आणि त्या जागी आम्ही फळा लावला.

कामाचा वेगसुद्धा जुन्या आकड्याने मोजता येत नाही. चिऱ्याच्या भिंतीला एका रोजात जेवढं काम होतं त्याच्या कितीतरी पट ब्लॉकच्या भिंतीला होतं, कारण ब्लॉक आकाराने मोठा आणि वजनाला हलका. कागदावर उत्पादकता वाढली. पण ब्लॉक आणि काँक्रीटचा बीम दोन वेगळ्या स्वभावाचे. ऊन-पावसात कमी-जास्त होतात आणि त्यांच्या सांध्यावर केसासारखी चीर पडते. तिथे जाळी मारून, सांधा नीट भरून मग गिलावा करावा लागतो. माझ्या ३७ गोलांतले १९ या सांध्यांवर होते.

ऑगस्टमध्ये उघडलेलं

ओल दिसली की निदान कळते तरी. मला जास्त भीती होती ती न दिसणाऱ्या गोष्टीची.

भारतीय मानक ४५६ हे काँक्रीटचं मुख्य मानक, आम्ही धरलेली आवृत्ती २००० सालची. त्यात किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट तीव्र परिस्थितीत धरलं आहे: किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट, एका घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नाही आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर. नकाशावर हे सगळं होतं. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा कव्हर मीटर मागवला आणि बाहेरच्या बाजूच्या बीम-कॉलमवर ४० ठिकाणी फिरवला. १७ ठिकाणी कव्हर ३० च्या आत निघालं. त्यातल्या ४ ठिकाणी १५.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. स्लॅब भरायच्या आदल्या रात्री कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे ठोकळे, कमी पडले होते आणि टोळीने सळईखाली खडीचे दगड, फरशीचे तुकडे सरकवले होते. व्हायब्रेटर लागला की दगड घरंगळतो आणि सळई साच्याच्या फळीवर टेकते. आदल्या रात्री मी तिथे होतो. सळईचा व्यास, अंतर, रिंगा, सगळं तपासलं. कव्हर मात्र नजरेने बघितलं.

१५ मिलिमीटर कमी-जास्त म्हणजे काय, हे ग्राहकाला समजावून सांगता येत नाही, पण ते फार आहे. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपतं. कव्हर निम्मं झालं तर मीठ सळईपर्यंत पोचायचा काळ निम्मा होत नाही, साधारण चौथाई होतो. झिरपण्याचं गणित अंतराच्या वर्गावर चालतं. सळई गंजली की गंज तिच्यापेक्षा जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. स्लॅब ९ दिवस आधी झाला याचा फायदा त्या उन्हाळ्यापुरता होता. हरवलेल्या कव्हरचा तोटा त्या घरात राहणारा पुढची वीस-तीस वर्षं भोगणार.

रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मी मालकाला हे कलम वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, दुसऱ्या इमारतीचा फळा तुम्ही लिहा."

वीस रकाने

पहिला प्रयत्न मी पुस्तकातून उचलला आणि तो फसला.

ब्रिटनमध्ये १९९८ साली सर जॉन ईगन यांच्या समितीने बांधकाम धंद्यासमोर लक्ष्यं ठेवली होती: दर वर्षी खर्च आणि वेळ १० टक्क्यांनी कमी, दोष आणि अपघात २० टक्क्यांनी कमी, उत्पादकता १० टक्क्यांनी जास्त. त्यातून पुढे तिथे ठळक निर्देशांकांची यादी तयार झाली: ग्राहकाचं समाधान, दोष, वेळेचा आणि खर्चाचा भरवसा, नफा, उत्पादकता, सुरक्षितता. विचार चांगला आहे. पण तो देशभरातल्या हजारो कामांची तुलना करण्यासाठी आहे, म्हणजे एखादी कंपनी बाकीच्यांच्या मानाने कुठे आहे हे कळावं म्हणून. मी ती यादी जशीच्या तशी, वर आणखी भर घालून, २० रकान्यांची वही करून साइटवर ठेवली.

तीन आठवड्यांनी वही उघडली. सगळं भरलेलं होतं, एकाच शाईत, एकाच बैठकीत. आमच्या तरुण सुपरवायझरने शनिवारी संध्याकाळी आठवडाभराचे १२० आकडे अंदाजाने भरले होते. मी त्याला बोललो नाही. दिवसभर तो मिक्सरजवळ उभा असायचा. त्याने आकडे कधी गोळा करायचे होते? आणि त्यातला एकही आकडा उद्या सकाळी काय करायचं हे त्याला सांगत नव्हता.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. ३७ गोल आणि १७ जागा समोर ठेवल्या आणि विचारलं, यातलं प्रत्येक बिघडलं त्या दिवशी, त्या तासाला, कोणता आकडा कोणाच्या हातात असता तर ते थांबलं असतं? चार उत्तरं मिळाली. चारच ठेवली.

चार रकाने

पहिला रकाना दिलेल्या शब्दाचा. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी टोळीला खर्ची देतात. त्या दिवशी सगळे एकत्र असतात, म्हणून बैठक तेव्हाच ठेवली. पुढच्या सहा दिवसांत कोण काय पूर्ण करणार ते ज्याचं त्याने सांगायचं, मी वहीत लिहायचं. पुढच्या बाजाराला फक्त झालं किंवा नाही. अर्धं झालं ते 'नाही'मध्ये. आणि नाही असेल तर का. ही पद्धत अमेरिकेत बांधकाम व्यवस्थापनाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड यांनी बसवली. त्यांच्या सुरुवातीच्या मोजणीत आठवड्याला दिलेल्या शब्दांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक पाळले जातात असं दिसलं होतं. आमच्या पहिल्या आठवड्यात ११ पैकी ५.

कारणांचा रकाना मी मुकादमाला पकडण्यासाठी ठेवला होता, हे कबूल करतो. दोन महिन्यांची कारणं एकत्र केली तेव्हा त्यात टोळीची कारणं थोडी होती. एकदा त्यांच्या गावी मयत झालं, दोनदा माणसं कमी आली. बाकी सगळं आमच्या दारचं. खेडहून खडीचा डंपर आला नाही, कारण फोनच उशिरा गेला. खिडकीचं माप ठरलं नाही, कारण ग्राहकाने बदल मागितला आणि मी नकाशा चार दिवस दिला नाही. वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. शिमग्याच्या पालखीला गाव बंद असतं हे दर वर्षीचं, तरी आम्ही त्या दोन दिवसांत काम लावलं होतं. मुकादम एवढंच म्हणाला, "सायब, आम्ही बसून राहिलो ते पण लिवलंय ना?" लिहिलं होतं. बसून राहिलेल्या टोळीला चौरस फुटाच्या दरात काहीच मिळत नाही, आणि मग ती स्लॅबच्या रात्री घाई करून ते भरून काढते. कव्हरखालच्या फरशीच्या तुकड्याची सुरुवात माझ्या टेबलावर पडून राहिलेल्या नकाशात होती.

दुसरा रकाना दुरुस्तीच्या रोजांचा: केलेलं काम पुन्हा करण्यात किती माणसांचे किती दिवस गेले. हा आकडा मिळवणं सगळ्यात अवघड. दराने काम करणाऱ्याला दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत, मग तो दोष सांगेल कशाला? गिलाव्याखाली झाकेल. म्हणून मालकाशी वाद घालून नियम केला: पुढचं काम चढायच्या आत टोळीने स्वतः दाखवलेला दोष असेल तर दुरुस्तीचा रोज मालकाने द्यायचा, आम्हाला नंतर सापडला तर टोळीचा. पहिल्या महिन्यात दुरुस्तीचे रोज शून्यावरून २६ वर गेले. मालक चिडला. त्याच्या दृष्टीने काम बिघडलं होतं. माझ्या दृष्टीने ते २६ रोज मागच्या वर्षीही होतेच, फक्त भिंतीच्या आत होते. मोजायला लागल्यावर आकडा आधी वाईट होतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात बहुतेक मालक मोजणं बंद करतात. आमच्या मालकाने ते चालू ठेवलं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

तिसरा रकाना स्लॅबच्या आदल्या दिवसाचा आणि स्लॅबच्या दिवसाचा. ठरवून २० ठिकाणी पट्टी लावून कव्हर मोजायचं, नजरेने नाही. ४५ चे सिमेंटचे कव्हर ब्लॉक आम्ही साइटवर स्लॅबच्याच मिश्रणाचे पाडून, पाण्यात ठेवून आधी तयार केले. २० पैकी १९ बरोबर आले तरच गाडी सुरू. स्लॅबच्या दिवशी पाण्याचा हिशेब: ०.४५ चं प्रमाण म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर, त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. मिक्सरवरच्या माणसाने काँक्रीट सरकावं म्हणून एक दहा लिटरची बादली जास्त टाकली की तेच प्रमाण ०.६५ होतं. हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. सांगितल्यावर त्याने स्वतः डब्यावर खूण केली. पाणी कोणत्या विहिरीचं हेही लिहायला लागलो, कारण किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलला मचूळ होतात आणि सळईच्या काँक्रीटला पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. ताकद तपासायचे काँक्रीटचे क्यूब आधीही घेत होतो, पण क्यूब २८ दिवसांनी बोलतो, तोवर वर पुढचा स्लॅब चढायच्या बेतात असतो. बादलीवरची खूण त्याच क्षणी बोलते.

चौथा रकाना पावसाचा, पण पाऊस यायच्या आधी मोजायचा. मे महिन्यात गच्चीवर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायचं. पश्चिमेच्या प्रत्येक भिंतीवर, विशेषतः बीमच्या सांध्यावर, पाइपने झोत मारायचा आणि आत खडू घेऊन गोल मोजायचे. जुलैत पुन्हा मोजायचे.

सुरक्षिततेचा रकाना मी वेगळा ठेवला नाही. अपघात शून्य होते आणि शून्य हा आकडा काही शिकवत नाही असं तेव्हा वाटलं. आता वाटतं की निसटते प्रसंग लिहायला हवे होते. मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावरून टेकू पडला. खाली कोणी नव्हतं. तो वहीत कुठेच नाही.

दुसरी इमारत

फळ्यावरचा स्लॅबचा रकाना आम्ही पुसला नाही. घड्याळ वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. कोकण रेल्वेच्या कामात ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत उलटं चालणारी, उरलेले दिवस दाखवणारी घड्याळं लावली होती. मऊ मातीतल्या बोगद्यांनी खूप वेळ खाल्ला, पण २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि माणसं गेली, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा केला. पुढचा पावसाळा यायच्या आत रस्ता सुरू होणं हीच तिथली गरज होती. आमच्याकडेही मिरगाच्या आत सांगाड्यावर छत यायला हवं, हे खरंच आहे. फक्त आता तारखेशेजारी ते चार रकाने होते.

दुसऱ्या इमारतीचा प्रत्येक स्लॅब पहिलीच्या मानाने सरासरी चार दिवस उशिरा भरला. चौथा स्लॅब २ जूनला झाला आणि आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. पाळलेले शब्द एप्रिलपर्यंत ११ पैकी ८-९ पर्यंत आले, मे मध्ये पुन्हा घसरले, कारण लग्नसराई आणि डंपर. दुरुस्तीचे रोज २६ वरून ७ वर आले. कव्हरच्या २० जागांत तिसऱ्या स्लॅबला पहिल्यांदा १५ च बरोबर निघाल्या. ग्राहकांचा हप्ता त्या स्लॅबवर अडलेला, संध्याकाळचे सात वाजलेले, मालक शेजारी उभा. त्या रात्री टोळीने दिवे लावून ब्लॉक पुन्हा बसवले आणि स्लॅब दुसऱ्या दिवशी भरला. तो एक दिवस मालकाने अडवला नाही, पण मला तो मागायला लागला हे मी विसरणार नाही.

भिंती, गिलावा आणि गच्ची पुढच्या हंगामात केली, आणि मेच्या तुंबवणीत गच्चीला दोन ठिकाणी ओल सापडली. ती पाऊस नसताना, कोरड्या हाताने दुरुस्त झाली. जुलैत खडू घेऊन फिरलो तेव्हा १२ सदनिकांत ९ गोल झाले. बीमच्या सांध्यावर १. उरलेल्या ८ पैकी ६ खिडक्यांच्या खालच्या पट्टीवर. खिडक्या बसवणारा दुसऱ्या तालुक्यातून येतो, दोन दिवसांत काम करून जातो, बाजाराच्या बैठकीला तो कधीच नव्हता. खिडकीवरचा सज्जाही नव्या फॅशनप्रमाणे लहान केलेला आहे, तो माझ्या सहीनेच.

पहिल्या इमारतीच्या १७ जागा पॉलिमर मॉर्टरने भरून वर लेप दिला आहे. दर वर्षी मार्चमध्ये त्या मी मीटर लावून बघतो आणि त्याच वहीत मागच्या पानांवर लिहितो.

दसऱ्याला मुकादम टोळी घेऊन परत आला. गुहागरकडे त्याला नवं काम बघायचं होतं. जाण्याआधी ऑफिसात आला आणि म्हणाला, "सायब, आमच्या टोळीची पानं झेरॉक्स करून द्या. तिकडच्या मालकाला दाखवतो, दर वाढवून मागतो." दुरुस्तीच्या २६ रोजांचं पानही हवं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते पण द्या. सात पर्यंत कसं आणलं ते दिसू दे."

तात्या तेव्हा बाहेर दगडावर बसले होते. त्यांनी झेरॉक्सचे कागद हातात घेऊन बराच वेळ बघितले. आकडे वाचता येतात, पण चष्मा नव्हता. मग मुकादमाला विचारलं, "यात तुझं नाव कुठे हाय?" मी वर बघितलं. टोळी क्रमांक होता, नाव नव्हतं. पेन काढून प्रत्येक पानावर त्याचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.